अजिंठा लेण्यांतील आकाशसंदर्भ : प्रतिमा आणि दिशा

प्रस्तावना :
प्राचीन लेण्यांत एखादे चक्र आढळले की त्याचा संबंध सूर्य, नक्षत्रे किंवा राशींशी जोडण्याचा मोह होतो. असा संबंध केव्हा ग्राह्य मानावा, हे गंगापूर ज्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांच्या आधारे स्पष्ट करता येते.

राशिचक्राचा गैरसमज :
लेणे क्र. 17 हा वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील, इ. स. पाचव्या शतकातील विहार होय. त्याच्या ओसरीत रंगविलेल्या भव्य चक्राला एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी राशिचक्र मानले. लेण्यासही तेच नाव पडले. इ. स. 1892 मध्ये एल. ए. वॅडेल यांनी तिबेटी चित्रपरंपरेच्या साहाय्याने ते बौद्ध भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचे चित्र असल्याचे दाखविले. केवळ आकारसाम्यावर आधारलेला निष्कर्ष टिकला नाही.

दिशेचा पुरावा :
चैत्यगृह क्र. 19 चे मुख उत्तरायणारंभीच्या (22 डिसेंबरच्या सुमारास), तर क्र. 26 चे मुख दक्षिणायनारंभीच्या (21 जूनच्या सुमारास) सूर्योदयाकडे आहे. वॉल्टर स्पिंक यांनी या बाबीची नोंद घेतली आहे. दोन्ही ठिकाणी स्तूपावर बुद्धमूर्ती कोरलेली आहे.

हा संबंध मोजून तपासता येतो. अजिंठ्याचा अक्षांश सुमारे 20.5 अंश उत्तर असल्याने या दिवशी सूर्य पूर्वबिंदूपासून सुमारे 25 अंश दक्षिणेस वा उत्तरेस उगवतो. मात्र समोरच्या डोंगरामुळे तो उशिरा दिसतो व तोवर किंचित दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणून क्षितिजाची उंचीही मोजावी लागते. शिवाय अयनदिनाच्या आधीच्या व नंतरच्या दहा दिवसांत सूर्योदयाचे स्थान अर्ध्या अंशाहूनही कमी बदलते. त्यामुळे अशा रचनेतून ऋतुकाल कळतो, नेमका दिवस नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. वाघूर नदीच्या नालाकृती वळणामुळे लेण्यांची मुखे स्वभावतःच निरनिराळ्या दिशांना आहेत. तथापि त्याच शतकातील दोन चैत्यगृहांनी सूर्योदयाच्या दोन्ही टोकांकडे पाहावे, यामुळे योगायोगाची शक्यता कमी होते. क्र. 26 मधील शिलालेखात चंद्रसूर्याचा उल्लेख आहे. परंतु तो स्मारकाच्या चिरंतनतेसंबंधी आहे, वेधासंबंधी नाही.

निष्कर्ष :
आकाशसंदर्भ सिद्ध करताना प्रतिमेला परंपरेची आणि दिशेला मोजमापाची साक्ष हवी. गंगापूरचा अक्षांशही जवळपास तेवढाच असल्याने सूर्योदयाचे हे वार्षिक सरकणे महाविद्यालयाच्या प्रांगणातून नोंदविता येईल. इतिहास, भूगोल व पदार्थविज्ञान या विभागांनी हा उपक्रम संयुक्तपणे हाती घेणे उपयुक्त ठरेल.