नौदलाच्या माळावरचा दाबोळी

गोव्याच्या दाबोळी विमानतळाबद्दल प्रवासी ज्या तक्रारी करतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे: इथली धावपट्टी नौदलाची आहे. ‘आयएनएस हंसा’ हा नौदलाचा हवाई तळ आणि त्याच्या एका कडेला नागरी टर्मिनल, अशी ही रचना. एवढं ध्यानात घेतलं की दाबोळीचं वेळापत्रक, तिथली गर्दी, तिथले नियम, सगळ्याचा उलगडा होतो.

आधी वेळापत्रक. कामाच्या दिवशी साधारण सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ वर्षानुवर्षं नौदलाच्या सरावासाठी राखला गेला आहे. धावपट्टी एकच. तिच्यावरून मिग-29केसारखी लढाऊ विमानं उडत असतील, तर प्रवासी विमानांना थांबावंच लागतं. मग ती दुपारनंतर एकामागोमाग एक येतात आणि टर्मिनल भरून जातं. तेव्हा लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील, तर पहाटेचं विमान मिळतंय का ते आधी पाहावं. दुपारचंच घ्यावं लागलं, तर हाताशी भरपूर वेळ ठेवून निघावं. आणि विमान धावपट्टीकडे निघालं की खिडकीतून डोळे भरून पाहावं: जांभ्याचा तांबडा माळ, पावसाळ्यात त्यावर उगवलेलं हिरवंगार गवत, पलीकडे नौदलाच्या हँगरपाशी उभी राखाडी विमानं. फोन मात्र खिशात ठेवावा. लष्करी तळावर फोटो काढायला मनाई आहे.

हा माळ विमानांसाठी सपाट झाला तो नाकेबंदीमुळे. 1955 मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि रेल्वेचा मार्गही बंद झाला. तेव्हा पोर्तुगिजांनी स्वतःची हवाई कंपनी काढली आणि दाबोळीहून दीव, दमण, कराचीकडे विमानं जाऊ लागली. 18 डिसेंबर 1961 रोजी पुण्याहून उडालेल्या भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी याच धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनल आणि इतर इमारतींना धक्का लावायचा नाही, असा वैमानिकांना हुकूम होता. त्या रात्री खड्डे घाईघाईने बुजवून दोन प्रवासी विमानं अंधारात कराचीकडे निसटली. त्यांतलं एक सुपर कॉन्स्टेलेशन होतं. एप्रिल 1962 मध्ये नौदलाने तळाचा ताबा घेतला आणि 1964 मध्ये ‘हंसा’ कोइम्बतूरजवळच्या सुलूरहून इथे आली.

हा इतिहास डोळ्यांनी पाहायचा असेल, तर टर्मिनलपासून जवळच, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. 1998 मध्ये ते सुरू झालं. तिथे अंगणातच एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियातून सुरुवात करून हवाई दलामार्गे ते नौदलाकडे आलं. लांब, किंचित बाकदार अंग, चार पंख्यांची इंजिनं आणि शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख. इतकं देखणं प्रवासी विमान नंतर झालं नाही, असं माझं मत आहे. दुपारच्या विमानाआधी दोन तास मोकळे असतील, तर ते इथे घालवावेत.

आताचं टर्मिनल 2013 मधलं. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवासी एकाच छताखाली असतात, त्यामुळे एका टर्मिनलहून दुसऱ्याला जायला बस शोधा, ही धावपळ इथे नाही. परदेशी चार्टर विमानं 1980च्या दशकापासून गोव्यात येऊ लागली आणि दाबोळीची ‘आंतरराष्ट्रीय’ ही ओळख मुख्यतः त्यांनी घडवली. हिवाळ्यात असं एखादं विमान उतरलं, की इमिग्रेशनसमोर एका वेळी दोन-अडीचशे माणसं उभी राहतात. त्या रांगेत पुढे राहायचं, तर विमानातून लवकर उतरता येईल अशी जागा घेणं एवढंच आपल्या हातात असतं. परतताना काजू खुशाल हातातल्या पिशवीत न्यावेत. फेणीची बाटली मात्र सीलबंद आणि चेक-इन सामानात हवी. त्याला माणशी पाच लिटरची मर्यादा आहे. हातातल्या सामानातली बाटली सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

बाहेर पडल्यावर प्रीपेड टॅक्सीचा काउंटर आहे. वास्को अवघं चार किलोमीटर, मडगाव तेवीसच्या आसपास, पणजी तीसच्या घरात. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून पणजीचा रस्ता खूप सुसह्य झाला आहे. सामान कमी असेल तर कदंबची बस विचारावी. टॅक्सीच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.

5 जानेवारी 2023 पासून पेडणे तालुक्यात मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू झाला. नवा, प्रशस्त, नौदलाच्या वेळा न पाळणारा. 2024 मध्ये कतार एअरवेजनेही दाबोळी सोडून मोपा गाठलं, तेव्हा दक्षिण गोव्यात मोठी चिंता व्यक्त झाली. ती मला रास्त वाटते. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा सोयीचा आहे, यात शंका नाही. पण मडगाव, काणकोण, वास्कोच्या माणसाने घराजवळचा विमानतळ सोडून अख्खा गोवा ओलांडत का जावं? तिथली हॉटेलं, टॅक्सीवाले, आखातात आणि बोटींवर नोकरी करणाऱ्यांची कुटुंबं दाबोळीच्या भरवशावर उभी आहेत. नौदलाचा तळ राहणारच आहे. त्याच्या कडेचं हे टर्मिनलही गजबजतं राहिलं पाहिजे.

तिकीट काढताना एक गोष्ट तपासा. नुसतं ‘गोवा’ वाचून थांबू नका. दाबोळीचा कोड ‘जीओआय’, मोपाचा ‘जीओएक्स’. दोहोंमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून अधिक अंतर आहे, आणि चुकीच्या दारात पोहोचलेल्या प्रवाशासाठी विमान थांबत नाही.