वाशिम जिल्ह्यातील कुळांचा आणि गावांचा इतिहास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमध्ये 1538 साली प्रत्येक चर्चला आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश मिळाला, आणि त्यामुळे तेथील साध्या शेतमजुराचे कूळही पुष्कळदा काही शतके मागे नेता येते. त्या तुलनेत आपल्याकडे राजे आणि वतनदार सोडून कोणाचीच नोंद झाली नाही, असे सरसकट मानले जाते. वऱ्हाडाच्या बाबतीत हे खरे नाही. येथे नोंदी झाल्या. मात्र त्या शेतसारा, वहिवाट आणि रोगराई यांच्या हिशेबासाठी झाल्या, आणि आज ज्या कचेरीत शोध सुरू होतो तेथेच त्या असतील असे नाही.

जिल्ह्याच्या वयाविषयीचा गोंधळ हे त्याचे एक कारण आहे. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून तो नवा समजला जातो. परंतु इंग्रजी अमदानीत बासीम या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता आणि बासीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके होते. 1905 साली तो मोडून पहिले दोन तालुके अकोल्यास आणि पुसद यवतमाळास जोडण्यात आला. कारंजा त्या काळी मूर्तिजापूर तालुक्यात होते आणि तो तालुका 1905 पर्यंत अमरावती जिल्ह्यात मोडत असे, त्यामुळे कारंज्याचे एखादे घराणे जागचे न हलताही तीन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेले असू शकते. त्याहून मागे, 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात देण्यापूर्वीचे कागद मोडी किंवा फारसी लिपीत आढळतात. म्हणून आधी साल ठरवावे, त्या साली गाव कोणत्या तालुक्यात होते ते पाहावे आणि मगच अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या पुराभिलेखागाराकडे वळावे. हा क्रम उलटा झाला की कागद असूनही तो सापडत नाही.

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत चुकीचे वाचले जाणारे साधन म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गावातील जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदवही. तिच्यात बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, आणि मृत्यूच्या नोंदीत मृत्यूचे कारण आढळते. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून ही वही म्हणजे केवळ जातीचा पुरावा, अशी समजूत पसरली आहे. वस्तुतः तिचे मोल त्याहून मोठे आहे : 1899-1900 च्या दुष्काळासारख्या काळात एखाद्या गावात कोण, कोणत्या महिन्यात आणि कशाने गेले, हे इतक्या बारकाईने सांगणारे दुसरे साधन क्वचितच असेल. तिच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. बाळाचे नाव बारशाला ठरते आणि नोंद त्याआधीच होते, त्यामुळे ‘अमक्यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असते. हा मुलगा थोरला की धाकटा, जगला की गेला, हे पुढच्या नोंदींवरून जुळवावे लागते. जन्म-मृत्यूची नोंद सक्तीची करणारा कायदा 1969 चा असल्याने त्याआधी नोंद नाही म्हणून माणूसच नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील जन्मतारीख मात्र अकारण प्रमाण मानली जाते. आईबापांना तारीख ठाऊक नसली की गुरुजींनी अंदाजाने एखादी तारीख घालण्याची रीत सर्वश्रुत आहे, आणि जुन्या पिढीत जून-जुलैत जन्मलेल्यांची जी गर्दी दिसते ती निसर्गाची करणी खचितच नव्हे.

आडनाव एक म्हणजे कूळ एक, हे गृहीतकही टिकत नाही. देशमुख आणि देशपांडे ही परगण्याच्या वतनदारांची पदे होती, पाटील हे गावचे पद. पदावरून आडनाव रूढ झालेली घराणी वेगवेगळ्या जातींची आणि गावांची असतात. स्त्रिया कागदांत नसतातच, हा समजही अर्धवट आहे : माहेरचा धागा तुटतो हे खरे, पण पती वारल्यानंतर जमिनीच्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, विधवेचे नाव वारस म्हणून येते आणि तेथून पुढची पिढी हाती लागते.

वाशिम हेच प्राचीन वाकाटक राजांचे वत्सगुल्म असल्यामुळे काही घराण्यांना आपली परंपरा थेट तिथवर नेण्याचा मोह होतो. 1939 साली वाशिम येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात असून दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह दिली आहेत. परंतु त्या नावांपासून आजच्या कोणत्याही घरापर्यंत पोहोचणारी कागदांची साखळी नाही, आणि गोत्र जुळले एवढ्यावरून ती तयार होत नाही. त्या मानाने कारंज्याच्या जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखिते अधिक बोलकी आहेत, कारण त्यांच्या शेवटच्या पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, पोथी कोणी, कधी आणि कोणासाठी लिहिली हे पुष्कळदा सापडते.

मौखिक परंपरा निरुपयोगी, असे कागदावर विसंबणारे मानतात. परंतु पूर्वी तांड्यांनिशी फिरणाऱ्या बंजारा समाजाची सरकारी दप्तरांत सलग नोंद मिळणे कठीण असल्याने भाटांनी सांगितलेल्या वंशावळी आणि गोत्रे, तसेच मानोरा तालुक्यातील पोहरादेवी या तीर्थस्थानाशी निगडित आठवणी, हेच तेथे पहिले साधन ठरते. सर्वसाधारण कुटुंबांसाठी त्र्यंबकेश्वर किंवा गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात, कारण यात्रेस आलेला यजमान तेथे आपले गाव आणि मागच्या पिढ्यांची नावे लिहवून घेत असे.

याउलट, जनगणनेकडून फार मोठी अपेक्षा केली जाते. जनगणनेची छापील कोष्टके गावाची लोकसंख्या सांगतात. घरोघर भरलेली वैयक्तिक माहिती 1948 च्या कायद्याने गोपनीय असून ब्रिटनप्रमाणे शंभर वर्षांनी ती खुली करण्याची प्रथा येथे नाही. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या घरी कोण कोण राहत होते, याचे उत्तर जनगणनेच्या खंडांत शोधण्याऐवजी जुन्या फेरफारांची नक्कल मागणे अधिक फलदायी ठरते.