ठोक्यांची साक्ष

खिशातल्या जुन्या घड्याळावर ‘लंडन’ आणि एखाद्या नामवंत कारागिराचं नाव दिसलं की बहुतेकांची पारख तिथेच संपते. माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी वाचावं. अठराव्या शतकात युरोपातल्या इतर देशांत बनलेली कितीतरी घड्याळं लंडनचं नाव कोरून विकली गेली. मागचं झाकण उघडून बॅलन्स व्हीलवरचं नक्षीदार झाकण पाहा. इंग्रज कारागीर ते एकाच पायावर, एका स्क्रूने बसवत. दोन बाजूंना दोन पाय दिसले, तर त्या ‘लंडन’वर विश्वास ठेवायची घाई करू नये.

ठोके देणाऱ्या घड्याळात आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे आवाज. रात्री दिवा न लावता वेळ कळावी म्हणून रिपीटर घड्याळ आलं. खटका दाबला की ते तास आणि पाव तास वाजवून सांगे. १६८७ साली इंग्लंडमध्ये त्याच्या पेटंटवरून एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर या दोन दावेदारांत वाद झाला. दुसऱ्या जेम्स राजाने कौल क्वेअरला दिला. बार्लोच्या घड्याळाला तासांचा आणि पाव तासांचा असे दोन खटके होते, क्वेअरचं काम एकाच दाबात होई.

त्या काळचे ठोके घड्याळाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आत बसवलेल्या घंटेवर पडत. घंटेऐवजी पोलादी तारेवर ठोका देण्याची पद्धत पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याने १७८३च्या सुमारास आणली. क्वेअर तर १७२४ मध्येच वारला होता. म्हणजे क्वेअरचं नाव असलेल्या घड्याळात तारेवर ठोका पडत असेल, तर एक तर यंत्रात नंतर फेरफार झालाय, नाहीतर नाव नंतर चढवलंय.

मिनिटंही वाजवणारं घड्याळ असेल तर काटे १२ वाजून ५९ मिनिटांवर आणून खटका दाबावा. तासांचे १२ ठोके, पाव तासांचे ३ जोडठोके आणि मिनिटांचे १४, एवढं सगळं त्याला वाजवावं लागतं. स्प्रिंग थकली असेल किंवा तेल घट्ट झालं असेल, तर शेवटचे ठोके रेंगाळतात. ठोके चालू असताना काटे मात्र अजिबात फिरवू नयेत, आतले नाजूक भाग मोडतात.

सोन्यासाठी जुन्या केस वितळवल्या गेल्या आणि उघडी पडलेली यंत्रं दुसऱ्या केसमध्ये बसवली गेली. म्हणून केसवरचा आणि यंत्रावरचा नंबर ताडून पाहावा. लंडनच्या हॉलमार्कमधल्या अक्षरावरून केसचं वर्ष कळतं, यंत्राचं नव्हे. घड्याळाच्या वर्णनात केस आणि यंत्र यांची माहिती वेगवेगळी लिहावी. ‘क्वेअरचं घड्याळ’ असं न लिहिता ‘यंत्रावर क्वेअरचं नाव’ असं लिहावं. तबकडीच्या मीनाकामावरची बारीक चीर, न वाजणारा ठोका, बदललेला काटा, सगळं नोंदवावं. केसच्या आत जुन्या दुरुस्तीवाल्यांनी सुईने ओरखडलेल्या खुणाही उतरवून घ्याव्यात. आणि विकण्याआधी केसला पॉलिश करू नये, त्याने हॉलमार्कच झिजतात.