फर्दर एज्युकेशन महाविद्यालयातून विद्यापीठात संक्रमण (इंग्लंड)

इंग्लंडमधील फर्दर एज्युकेशन महाविद्यालये ही १६ वर्षांवरील विद्यार्थ्यांना व प्रौढांना व्यावसायिक आणि विद्यापीठपूर्व शिक्षण देणारी महाविद्यालये होत. शिक्षण अर्धवट सुटलेले अनेक प्रौढ येथे ६० श्रेयांकांची 'ॲक्सेस टू हायर एज्युकेशन' ही पदविका मिळवून विद्यापीठात प्रवेश घेतात.

महाविद्यालयात वर्ग लहान असतात व अभ्यासाची आखणी मुख्यतः शिक्षक करतात. विद्यापीठात ती जबाबदारी विद्यार्थ्यावर येते. पदवीच्या एका पूर्णवेळ वर्षाला १२० श्रेयांक असून प्रत्येक श्रेयांकासाठी सुमारे १० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. या १२०० तासांपैकी व्याख्याने व चर्चासत्रे यांचा वाटा सहसा अल्प असतो; उरलेला वेळ स्वतंत्र वाचन व लेखनासाठी असतो. त्यामुळे वेळापत्रकातील मोकळे तास ही सुटी समजणारे विद्यार्थी लवकरच मागे पडतात. वाचनयादीतून निवड करणे, परस्परविरोधी मते तपासणे आणि संदर्भ अचूक देणे ही कौशल्येही आत्मसात करावी लागतात.

बहुतेक अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी उत्तीर्ण होणे आवश्यक असले, तरी त्या वर्षाचे गुण पदवीची श्रेणी ठरवताना धरले जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीचे कमी गुण हे अपात्रतेचे लक्षण नसून, नवी अभ्यासपद्धती अंगवळणी पाडण्यास हे वर्ष उपयोगी पडते.