पिलांना कडधान्य घाला, पण शिजवून



आईपासून तोडलेली पिले सुकतात, हगवण लागते, खाऊनही अंग धरत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. जंत हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण पुष्कळदा खुराकातच असते. घरचे सोयाबीन किंवा कुळीथ भरडून कच्चेच घातलेले असते.

कडधान्य वाईट नव्हे. सोयाबीनमध्ये शेकडा 36 ते 40 भाग प्रथिने असतात, कुळथात सुमारे 22, तर मक्यात 9 च्या आसपास. वाढत्या पिलाला मांस धरण्यासाठी ही प्रथिने हवीतच. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक पदार्थ असतो की, तो पोटातील प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडवितो. कुळीथ, चवळी यांतही हा दोष कमीअधिक असतो. मग खाल्लेले तसेच बाहेर पडते. 1917 साली अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, कच्च्या सोयाबीनवर वाढ खुंटते आणि शिजविलेल्यावर ती नीट होते.

कोणी विचारील, बैलाला कच्चा भरडा चालतो, मग पिलाला का नाही? बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटातील सूक्ष्म जंतू हा दोष बराचसा मोडतात. डुकराचे पोट आपल्यासारखे एकेरी, आणि पिलाचे तर कोवळे. मोठी डुकरीण जे सोसते, ते पिलाला सोसत नाही.

उपाय सोपा आहे. सोयाबीन रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात उकळी आल्यावर अर्धा तास तरी शिजवा. दाणा बोटाने सहज चिरडला म्हणजे झाले. भाजायचे असल्यास करपू देऊ नका, कारण करपलेल्या दाण्याची प्रथिनेही वाया जातात.

100 किलो खुराकाचे प्रमाण असे धरावे: मक्याचा भरडा 58 किलो, सोयाबीन (कोरडे वजन) 30, गव्हाचा कोंडा 10, क्षारमिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो. यात सुमारे 18 टक्के प्रथिने येतात. मका आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून दोन्ही हवीत. कोरडे मिश्रण एकदम करून ठेवा. सोयाबीन मात्र रोजच्यापुरतेच शिजवा, शिळे आंबते. नवा खुराक आठवडाभरात हळूहळू वाढवा आणि पिण्याचे पाणी सदैव ठेवा. बुरशी आलेला दाणा किंवा पेंड शिजवूनही घालू नका, ते विष उष्णतेने पुरते जात नाही.

दर आठवड्याला पिलू पोत्यात घालून ताणकाट्यावर तोला व वजन वहीत लिहा. नाताळच्या बाजारात चार पैसे मिळणार की नाही, हे ती वही आधीच सांगेल. एका मोळीच्या सरपणासाठी वर्षाची मेहनत घालवू नका.