तीच मोटर?

मंडळी, तत्त्वज्ञानाचा मास्तर टेबलावर जुनी मोटर मांडून बसलाय, हे पाहून पहिल्या रांगेत हसू फुटलंय. हसा खुशाल. रिमोटवर चालणाऱ्या मोटारगाडीतली ही ब्रशलेस मोटर आमच्या मुलाची. तो आता नाही. गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर तो ती गाडी पळवायचा. मे महिन्यात नातवानं ती माळ्यावरून काढली आणि म्हणाला, "आजोबा, बाबांची गाडी चालू करू या."

साध्या मोटरमध्ये तारांची गुंडाळी फिरते आणि कार्बनचे ब्रश तिला वीज पोचवतात. ब्रशलेसमध्ये उलटं: गुंडाळ्या स्थिर, तो स्टेटर, मधला चुंबक फिरतो, तो रोटर. चुंबक कुठे आहे हे तीन हॉल सेन्सर सांगतात आणि त्यानुसार कंट्रोलर गुंडाळ्यांना पाळीपाळीनं वीज देतो. विल्सन आणि ट्रिकी यांनी १९६२ साली ही कल्पना मांडली. पुढे १९८०च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले आणि मुठीत मावणाऱ्या मोटरला एवढा जोर आला.

आमच्या मोटरमध्ये रोटरचा चुंबक फुटलेला, बेअरिंग गंजलेली, एक सेन्सर मेलेला, आणि मागच्या झाकणातली बेअरिंगची बैठक झिजलेली. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गावर, भंगारात याच मॉडेलची एक जळकी मोटर मिळाली. तिचं झाकण आणि सेन्सरची पट्टी घेतली. रोटर मात्र घेतला नाही. साधा निओडिमियम ८० अंशांच्या वर तापला की कायमचा दुबळा होऊ शकतो, आणि जळक्या मोटरनं काय सोसलं असेल कोण जाणे! रोटर नवा मागवला. बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवर घेतली, तीही दुसऱ्या खेपेला. शाफ्ट एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे ३.१७ मिमी, आम्ही शहाण्यासारखे ३ मिमीची घेऊन आलो होतो.

उरला स्टेटर. तो गेला असता, तर मुलाचं म्हणून एक पत्र्याचं कवच उरलं असतं. नवा रोटर बसवून तिन्ही जाड तारा सुट्या ठेवल्या आणि शाफ्ट बोटांनी फिरवला. हलका फिरला. मग तिन्ही तारा एकत्र टेकवल्या. शाफ्ट जड झाला, जणू काकवीत फिरतोय. असंच व्हायला हवं. तारा सुट्या असतानाच तो जड लागला असता, तर गुंडाळीत शॉर्ट आहे असं समजायचं. मल्टिमीटरनं तारा आणि कवच यांच्यामध्येही पाहिलं, कुठे जोड नव्हता. नातवानं तेवढ्यात श्वास सोडला, आम्हीही.

पण जुनं झाकण तो सोडेना. त्यावर बाबांनी सुईनं ओढलेली रेघ होती. "हे बदललं तर मोटर बाबांची राहील का?"

आता हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं वर्गात विचारला! नैयायिक म्हणतील, वस्त्रातला एक धागा काढलात की जुनं वस्त्र संपलं, उरलं ते नवं. तरी आपण 'तीच' म्हणतो, जसं 'मी तेच औषध घेतो' म्हणतो, म्हणजे त्याच जातीचं. नागसेन तर मिलिंद राजाला रथाबद्दल सांगतो, की 'रथ' हे भागांच्या आधारानं दिलेलं नाव. बारा वर्षांच्या मुलाला यातलं काय पुरणार? आम्हालाही त्या दिवशी पुरलं नाही.

मग लक्षात आलं, की ती रेघ म्हणजे टायमिंगची खूण. झाकण कवचावर थोडं फिरवलं की सेन्सर सरकतात, वेग आणि जोर यांचं गणित बदलतं. मुलानं स्वतः चालवून चालवून ती जागा ठरवली असणार. न्यायमतात वस्तू घडायला अवयव लागतात आणि अवयवांचा संयोगही लागतो; हे आम्ही नातवाला शब्द न वापरता सांगितलं. जुनं झाकण बसवून रेघेपाशी किती अंश आहेत ते वाचलं आणि नवं झाकण तेवढ्याच अंशांवर घट्ट केलं. रेघ त्यानं ओढू दिली नाही. जुनं झाकण त्याच्या कंपासपेटीत आहे.

घरी करणाऱ्यांना दोन गोष्टी. सेन्सरवाल्या मोटरच्या ए, बी, सी तारा त्याच क्रमानं जोडा, अदलाबदल चालत नाही. आणि गाडीत बसवताना लांब स्क्रू लावू नका, तो आत गुंडाळीत घुसतो.

मोटर इथेच आहे. पुढे या, तारा टेकवून शाफ्ट फिरवून बघा.