दोष केवळ जातीचा?

“डॉक्टरसाहेब, कुत्रा शेजारचाच आहे, पिटबुल थोडाच? मग इंजेक्शन हवेच का?” भेस्तानच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर आदी २३ जातींवर बंदीचे परिपत्रक काढले; एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. ‘सायन्स’मधील २०२२ च्या संशोधनानुसार कुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून उलगडतात. बलवान जबड्याची जखम अधिक खोल असते, हे मात्र खरे.

परंतु रेबीजचा विषाणू जात पाहत नाही. म्हणून जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुवावी, हळद-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. लहान मुलाला कुत्र्याजवळ, मग तो कितीही गरीब असो, एकटे सोडू नये.